सहा शनिवार आणि गवत खाणारं घर

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण परवा एका वासराने गुडघ्यावर लाथ घातली आहे, तेव्हा हा उभ्याने केलेलाच गोड मानून घे. तुझं ब्लडप्रेशर, वहिनींची कंबर आणि गच्चीतली टोमॅटोची रोपं या तिन्हींची खुशाली सविस्तर कळव. (मागच्या पत्रात पहिल्या दोघांना मिळून एक ओळ होती आणि टोमॅटोंना दीड पान, त्यावरून तुमच्या घरात कोणाचे किती लाड होतात ते कळलंच.) इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र चुकून आपल्याकडे आलं असं वाटलं असेल, तर तसं नाही, मीच आहे. या अक्षरामागे केवढं रामायण घडलंय, तेच सांगायला बसले आहे.

त्याचं कारण तुझे ते तीन फोन. रविवारी आमच्या बारकीने तुला फोनवर "मामा, आई नापास झाली" एवढं सांगितलं आणि फोन टेबलावर ठेवून ती खेळायला पळाली. मग तू मला दोनदा फोन केलास. त्या वेळी माझा उजवा हात कोपरापर्यंत एका गाईच्या पोटात होता आणि डावा तिच्या मालकाला धीर देत होता. तिसरा फोन तू माझ्या नवऱ्याला केलास. तो "हो, झाली खरी" म्हणाला, आणि त्यालाही लगेच कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला जायचं होतं. म्हणजे तुझी धाकटी बहीण, वय वर्षं बेचाळीस, जनावरांची डॉक्टर, ती नापास झाली, आणि घरात त्याबद्दल कोणालाच सुतक नाही, असं चित्र तुझ्यापुढे उभं राहिलं असणार. चित्र बरोबर आहे. फक्त सुरुवात सांगायची राहिली आहे.

तर झालं असं. दोन महिन्यांपूर्वी बारकीच्या शाळेतून एक पत्रक आलं. 'इयत्ता तिसरीपासून शिकवले जाणारे कर्सिव्ह लेखन यापुढे चालू ठेवावे काय, याबाबत पालकांनी शनिवारी सभेला उपस्थित राहून मत मांडावे.' कर्सिव्ह म्हणजे ते रे, इंग्रजीचं, चाररेघी वहीत हात न उचलता, एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या गळ्यात अडकवत लिहायचं. आपण दोघांनीही ते लहानपणी केलं. तू सरळपणे, मी रडून. आता रडायची पाळी बारकीवर आली होती. रोज संध्याकाळी सहाला ती वही उघडायची आणि सव्वासहाला तिचं नाक लाल व्हायचं. तिचा मोठा 'क्यू' काही केल्या 'क्यू' दिसायचा नाही, दोनच दिसायचा. (मी त्यांचं पुस्तक उघडून पाहिलं, तर त्यातलाही दोनच दिसतो. ज्या अक्षराला स्वतःलाच आपण आकडा की अक्षर याचा पत्ता नाही, त्याच्यासाठी माझ्या पोरीने डोळ्यांतून पाणी का काढावं?) शिवाय ती डावरी. ओळ लिहीत पुढे जायची आणि मागून तिचाच तळहात ती पुसत यायचा, म्हणजे एका हाताने रांगोळी आणि त्याच हाताने झाडू. तिला अशी बघून मी मनाशी ठरवलं की सभेला जायचं आणि या प्रकाराचा एकदाचा निकाल लावायचा.

सभेला बरीच गर्दी होती. शाळेचे मुख्याध्यापक हे अतिशय सज्जन गृहस्थ आहेत. समोर जो बोलत असेल त्याचं त्यांना पटतं. एका आईने सांगितलं की हाताने जोडून लिहिल्याने मेंदूला चालना मिळते, त्यांना ते पटलं. एका बाबांनी सांगितलं की आता सगळं जग बोटांनी टाइप करतं, पोरांना तेच शिकवा, तेही पटलं. सही कशी करणार, असं कोणी विचारलं. आजीचं जुनं पत्र नातवंडांना कसं वाचता येणार, असं कोणी विचारलं. त्यावर मागून कोणी म्हणालं की आमच्या आजीचं आजोबांनाही वाचता यायचं नाही. एका कोपऱ्यात लेखनाच्या बाई बसल्या होत्या. त्यांना सगळी शाळा 'वळणबाई' म्हणते, आणि हे त्यांना माहीत असून त्यांची हरकत नाही. सत्तावन्न वर्षांच्या, शिडशिडीत, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्या मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहीत होत्या.

मग मी उठले. दादा, तुला माहीत आहे, मी बोलायला उभी राहिले की मला स्वतःचं म्हणणं फार पटत जातं. मी म्हटलं की अक्षरावर काही अडत नाही, माझंच बघा. शाळाभर माझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगळा फिरायला निघाल्यासारखं होतं, तरी मी डॉक्टर झाले, आणि आज या गावातली निम्मी गुरं-मांजरं माझ्या चिठ्ठीवर जगतात. टाळ्या पडल्या. तिथेच बसायला हवं होतं. पण दुसऱ्या रांगेतून घड्याळवाले काका उठले. (घड्याळं दुरुस्त करतात. त्यांची नात बारकीच्या वर्गात आहे, आणि म्हातारा कुत्रा माझ्या उपचाराखाली.) ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरीणबाई, त्या चिठ्ठीवरनं आठवलं. आमच्या कुत्र्याला अजून किती दिवस हवा द्यायची?"

मला काही कळेना. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि सभेला वाचून दाखवली: 'रोज दोनदा हवा द्यावी.' मी लिहिलं होतं 'दवा'. (औषध हा शब्द मला घाईत लांब पडतो.) बाटलीचा चिठ्ठीत उल्लेख नाही म्हणून काकांनी ती कपाटात ठेवून दिली होती, आणि तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ ते कुत्र्याला स्कूटरवर पुढे उभं करून नदीपर्यंत हवा द्यायला नेत होते. "गुण आहे पण," ते म्हणाले, "आता जेवतोही चांगला." दादा, एक वेळ कुत्र्याचं बिघडलं असतं तर मी माफी मागून मोकळी झाले असते. पण तो बरा झाला, ही माझ्या शास्त्राची केवढी बेअब्रू! सभा पाच मिनिटं हसत होती. मुख्याध्यापकांना तर तेही पटलं.

अशा वेळी शहाणा माणूस खाली बसतो. मी बसले नाही. मी तावातावाने म्हटलं की ठीक आहे, येत नाही मला, पण म्हणून तीन-तीन वर्षं पोरांचा छळ कशाला? मोठेपणी ज्याला गरज पडेल तो शिकेल. चार-सहा दिवसांचं तर काम! आणि इथे वळणबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"सहा शनिवार पुरतील?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"तुम्हाला. माझा तास शनिवारी सकाळी साडेआठला असतो. तुम्ही सहा शनिवारात शिकलात, तर तुमचं खरं. मग हा विषय बंद करायला मीच सही देईन."

मी "पुरतील" म्हणून बसले. (गुरांना वेसण घालण्यात माझी वीस वर्षं गेली, पण स्वतःच्या जिभेला घालायचं राहून गेलं.) मुख्याध्यापक तर हरखलेच, कारण निर्णय सहा आठवडे लांबला आणि तोही दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. तिथल्या तिथे ठरलं: सहाव्या शनिवारी मी ऐंशी शब्द कर्सिव्हमध्ये लिहायचे, ते घड्याळवाल्या काकांनी सगळ्यांसमोर वाचायचे, आणि त्यांना त्यातले निदान सत्तर वाचता आले तर मी पास. मी पास तर कर्सिव्ह बंद. मी नापास तर चालू.

पहिल्या शनिवारी मी तिसरीच्या वर्गात गेले. मुलं अठ्ठावीस, माझा हजेरी क्रमांक एकोणतीस. बाक असा की गुडघे हनुवटीला लागतात. शेजारी बारकी. ती पहिला अर्धा तास मला ओळखत नसल्यासारखी बसली होती. मला पेन मिळालं नाही, पेन्सिल मिळाली; पेन परवानगीने मिळतं आणि परवानगी अक्षर बघून मिळते. तासभर आम्ही नुसत्या तिरक्या रेघा काढल्या, मग नुसती वेटोळी. वळणबाई बाकांमधून फिरत आल्या, माझ्या मुठीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "इतकी घट्ट नको. ती पळून जाणार नाहीये." अठ्ठावीस डोकी माझ्याकडे वळली. माझ्या पेन्सिलीचं टोक तेवढ्यात तुटलं, आणि मी वीस वर्षांच्या सरावाने सभ्यपणे अर्धा गिळलेला एक शब्द पुटपुटले, जो गाई लाथ मारतात तेव्हा म्हणतात. बारकीने मला लगेच ओळखलं.

दुसऱ्या शनिवारी 'एफ' आला. या अक्षराला तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळं घर लागतं. वर एक फास, खाली एक फास, आणि मध्ये स्वतःलाच गाठ मारून ते पुढच्या अक्षराकडे जातं. माझे 'एफ' आतडी पिळवटलेल्या घोड्यासारखे दिसत होते. असा घोडा मला बरा करता येतो, 'एफ' येईना. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं की आज कुठे मला बारकीचं सव्वासहाचं लाल नाक कळलं. तो म्हणाला, "म्हणजे बंद करावं हे नक्कीच ना?" मी म्हटलं, नक्कीच. पण म्हणताना, का कोण जाणे, हाताने टेबलावर वेटोळं काढत होते.

तिसऱ्या शनिवारी वर्गात काहीतरी शिजत असल्याचं जाणवलं. मधल्या सुट्टीत मी बाकातून सुटायची धडपड करत होते, तोवर अठ्ठावीस मुलांनी मला गराडा घातला. झालं होतं असं की बारकीने सगळ्यांना पैजेची अट सांगितली होती: आई पास झाली की कर्सिव्ह कायमचं बंद. मग काय विचारतोस! मला पास करणं हे सगळ्या वर्गाचं राष्ट्रीय कर्तव्य झालं. त्यांनी कामं वाटून घेतली. एकाकडे माझ्या रेघांचा तिरकेपणा, एकीकडे वेटोळी, एकाने माझ्या मागे उभं राहून दर मिनिटाला फक्त "हात सैल!" म्हणायचं. सगळ्यांत कडक होती घड्याळवाल्यांची नात. तिचे पुढचे दोन दात पडले आहेत, त्यामुळे ती रागावली की हवेचा झोत येतो. ती मला 'एफ' शंभर वेळा काढायला लावायची आणि शंभर झाले की एकशे एकावा 'स्वतःहून' काढायला लावायची. घरी अभ्यास, शाळेत तपासणी, आणि चुकलं की पुन्हा.

आणि दादा, इथे एक गोष्ट घडत होती जी मला तेव्हा दिसली नाही, वळणबाईंना दिसली. मला शिकवायचं म्हणजे त्यांना आधी स्वतःला यायला हवं होतं. माझा 'जी' सुधारायला आलेला मुलगा आधी पाठमोरा होऊन आपल्या वहीत चार 'जी' काढून बघायचा आणि मग माझ्याकडे वळायचा. बारकीने तर घरी मला शिकवता शिकवता शोध लावला की डावऱ्याने वही उजवीकडे कलती धरली की हात ओळीच्या खाली राहतो आणि काही पुसलं जात नाही. (बाईंनी हे तिला आधीच दोनदा सांगितलं होतं म्हणे. पण शिकवलेलं आणि सापडलेलं यात फरक असतो.) संध्याकाळी सहाला आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी बसायचो, ती मला ओरडायची, आणि सव्वासहाला लाल व्हायचं ते माझं नाक.

चौथ्या शनिवारी तास संपल्यावर मी वर्गातच रेंगाळले. वळणबाई फळा पुसत होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं की विषय बंद झालाच तर तुम्ही काय कराल.

"ग्रंथालयात देतील," त्या म्हणाल्या. "पुस्तकांवर शिक्के मारायला. शिक्काही सरळ मारावा लागतो, तेवढंच समाधान."

"तुम्हाला राग नाही आला माझा? त्या दिवशी सभेत..."

"आला होता की. म्हणून तर साडेआठची वेळ सांगितली." मग थोडा वेळ पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुंदर अक्षराचं मला तितकंसं काही नाही हो. घाईत असलेल्या हाताला एक मळलेली वाट असावी, एवढंच. विचार पुढे पळतात, हात मागे राहतो, मग माणूस लिहायचंच सोडतो. आणि लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यावं. नाहीतर कुत्र्याला हवा द्यावी लागते."

मी हसले आणि पायऱ्या उतरले. आता माझी पंचाईत बघ. पास व्हावं तर ही बाई शिक्के मारत बसणार. नापास व्हावं तर अठ्ठावीस मुलं, त्यांत माझी बारकी, इतकं राबून तोंडघशी पडणार, तीही माझ्यामुळे. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मी हातात टोक केलेली पेन्सिल घेऊन.

त्यात पाचव्या आठवड्यात भलतंच घडलं. मी एका मांजरीसाठी चिठ्ठी लिहून दिली. तिची मालकीण औषधाच्या दुकानात गेली आणि हात हलवत परत आली. पाठोपाठ दुकानदाराचाच फोन. "डॉक्टर, तुमच्या नावाने कोणीतरी खोटी चिठ्ठी चालवतंय. मी औषध दिलेलं नाही."

"खोटी कशावरून?"

"वाचता येतेय ना!"

दादा, वीस वर्षांच्या वैद्यकीत मला इतका आनंद झाला नव्हता. मी ती चिठ्ठी परत मागवली आणि दवाखान्यात काचेखाली ठेवली आहे. वर्गात ही हकिकत सांगितली तेव्हा मुलांनी बाकं वाजवली, आणि बिनदातांची मास्तरीण म्हणाली, "आता फक्त 'आर' राहिला." तिचं म्हणणं खरं होतं. माझा 'आर' काही केल्या 'आर' होत नव्हता, त्याला वर टोक यायच्या ऐवजी मधे खळगा पडायचा आणि त्याचा 'यू' व्हायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना मी नवऱ्याला सगळी पंचाईत सांगितली. म्हटलं, मुद्दाम थोडं बिघडवून लिहिलं तर? तो पाय पसरून हत्यारांची पिशवी आवरत होता. त्याने एक पाना निरखून पाहिला आणि म्हणाला, "मुद्दाम बिघडवायची तुला गरज पडेल असं वाटत नाही." (हा माणूस मी पसंत केला तेव्हा तू म्हणाला होतास की फार कमी बोलतो. अजूनही कमीच बोलतो, पण नेमकं.) त्या रागात मी ठरवलं की जीव ओतून लिहायचं, मग जे होईल ते होवो.

सहाव्या शनिवारी वर्गात मागे पालक उभे, पुढे मुलं, खुर्चीवर मुख्याध्यापक. मला पेन मिळालं! वळणबाईंनी स्वतः हातात दिलं. मी विषय निवडला माझ्या अंगवळणी पडलेला: गेल्या वर्षी ज्याला नाल ठोकताना खिळा लागून पाय सुजला होता, तो म्हातारा घोडा. हात सैल ठेवला, वही कलती, श्वास शांत. तुला खरं सांगते, मधे पाच-सहा ओळी अशा गेल्या की हात आपणहून चालत होता आणि मी नुसती मागून जात होते. लिहून झालं तेव्हा कागद मला इतका देखणा वाटला की चौकटीत बसवावा.

घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला त्यांचं भिंग लावलं, कागद हातात घेतला आणि एकेका वाक्याचा अर्थ सांगत खणखणीत वाचायला लागले. "डॉक्टरीणबाई लिहितात, की माझ्या ओळखीचं एक घर होतं." मी दचकले. "घर फार म्हातारं होतं. ते घर उभ्याउभ्याच झोपायचं." मागे कोणीतरी खुसखुसलं. 'हॉर्स'चं 'हाऊस' झालं होतं रे! तो मेला 'आर', खळगा पडून 'यू' झालेला, आणि तो जितक्या वेळा आला तितक्या वेळा माझा घोडा घर होत गेला. काका मात्र गंभीर. त्यांना वाटलं, शिकलेली बाई, काहीतरी खोल लिहिलं असेल. "एके दिवशी घराचा पाय सुजला. घर गवत खाईना. मी घराच्या पोटावर हात फिरवला, शेपटी वर केली आणि ताप पाहिला." इथे मुख्याध्यापकांनी रुमाल तोंडात घातला. "आठ दिवसांनी घर पळायला लागलं आणि कुंपणावरून उडी मारून शेजारच्या शेतात गेलं."

हशा थांबल्यावर मोजणी झाली. ऐंशीपैकी एकसष्ट. नऊ शब्दांनी नापास, आणि चुकलेल्यांपैकी सात घोडे. मी मुलांकडे बघितलं. मला वाटलं आता रडारड होणार. बारकी वहीत तोंड घालून बसली होती.

मुख्याध्यापक उठले आणि ठरल्याप्रमाणे कर्सिव्ह चालू राहील असं सांगणार, तोच वळणबाई म्हणाल्या, "एक मिनिट." आणि त्यांनी टेबलावर अठ्ठावीस वह्या मांडल्या, दोन महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान उघडून. "डॉक्टर नापास झाल्या म्हणून माझा विषय ठेवू नका," त्या म्हणाल्या. सगळे ऐकायला पुढे वाकले. "हे बघा आणि मग ठरवा. इतकी वर्षं मी मुलांना गुण देत होते, तेव्हा असं कोणी कधी लिहिलं नाही. यांना कोणाला तरी शिकवायचं होतं म्हणून लिहिलं. तेव्हा गुण काढून टाका. आठवड्यातल्या माझ्या दोन तासांपैकी एक टाइपिंगला द्या, त्याचीही गरज आहेच. माझ्या तासाला परीक्षा एकच राहील: लिहिलेलं शेजारच्याने वाचून दाखवायचं."

पालक वह्या बघायला पुढे आले. ज्या बाबांनी सगळं जग टाइप करतं म्हणून सांगितलं होतं, ते आपल्या मुलाचं पान हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी त्याचा फोटो काढला. मुख्याध्यापकांना सगळं पटलं. एक तास कर्सिव्ह, एक तास टाइपिंग, गुण रद्द, ठराव मंजूर. आणि मला वाटलं आता सुटले, तर बिनदातांची मास्तरीण उभी राहिली. "बाई, यांना अजून सहा शनिवार द्या. फक्त 'आर'च राहिलाय. आम्ही करून घेतो." सगळ्या वर्गाने हात वर केले. बारकीचा सगळ्यांत वर.

घरी येताना बारकी माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मग म्हणाली, "आई, तू मुद्दाम नापास झालीस?"

"नाही गं."

"मला वाटलंच. मुद्दाम इतकं वाईट येत नाही." आणि माझा हात धरून चालायला लागली. आठ वर्षांची झाल्यापासून रस्त्यात हात धरू देत नव्हती.

तर दादा, हे असं आहे. आता काळजी करू नकोस, आणि त्या टोमॅटोंना फार पाणी घालू नकोस, त्यांची मुळं कुजतात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझी प्रकृती सांभाळ, पत्र वाचता आलं की नाही ते कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलंच. सोबत एक गुलाबी कार्ड जोडलं आहे, ते माझं प्रगतिपुस्तक. पुढच्या सहा शनिवारांसाठी रीतसर नाव नोंदवायचं तर त्यावर पालकांची सही लागते. नवऱ्याने उत्साहाने केली होती, पण बारकीने नियम वाचून दाखवला: आई, वडील किंवा वडीलधारा भाऊ, नवरा चालत नाही. तेव्हा खालच्या चौकटीत सही करून उलट टपाली पाठव. वाचता येईल अशी कर, तुझी ती कोळिष्टकासारखी बाई परत पाठवतील.

ता. क. २. वर्गशिक्षकांचा शेरा मुळीच वाचू नकोस. वाचलासच, तर सांगते की तो अर्धाच खरा आहे. 'तासाला बोलते' हे मान्य. 'शेजारच्या मुलीचे बघून लिहिते' हे साफ खोटं. शेजारच्या मुलीनेच 'बघ' म्हणून वही सरकवली होती.

ता. क. ३. शेवटी 'पालकांचा अभिप्राय' असा एक रकाना आहे. बाबा गेले त्या वर्षी माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक तूच सही केलं होतंस. तू तेव्हा जेमतेम कॉलेजात होतास, आणि या रकान्यात काय लिहायचं ते तुला कळेना म्हणून तू एकच शब्द लिहिलास: 'सुधारेल.' ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. यंदाही तेच लिही. एकदा खरं ठरवून दाखवायची माझी इच्छा आहे.